विहिरीतले पोहणारे आणि धबधब्याचं पाणी

कुंडमळ्याची बातमी एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. १५ जून २०२५, रविवार, तळेगावजवळचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल, त्यावरची गर्दी, पूल कोसळला आणि चार बळी. त्याच्या आदल्या वर्षी ३० जूनला, तोही रविवारच, लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्याचा व्हिडिओ न पाहिलेला माणूस महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. मग ठरल्याप्रमाणे मनाई आदेश निघतात: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, म्हणजे आपल्या सवयीचं १४४. पाण्यात उतरू नका, कड्यावर जाऊ नका, सेल्फी काढू नका. हे सगळं परभणीत बसून वाचताना असं वाटतं, की हा सह्याद्रीवाल्यांचा प्रश्न, आपल्याकडे कुठे आलेत धबधबे? आपली काळी सपाट रानं, संथ गोदावरी आणि उत्तरेला जिंतूरकडचे, दक्षिणेला गंगाखेडकडचे चार डोंगर.

पण श्रावणातल्या एखाद्या रविवारी पहाटे परभणीच्या वसमत रोडवर उभं राहून बघावं. क्रूझर भरून माणसं निघालेली असतात. पुढे दाजी, मध्ये आत्या, मावशी आणि मांडीवर लेकरं, मागे मित्रमंडळी आणि डब्यात धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. निघालेत सहस्रकुंडला. नांदेड ओलांडून पुढे शंभरेक किलोमीटर, किनवट तालुक्यात इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या खडकावरून अनेक धारांनी खाली पडते. पलीकडचा काठ यवतमाळचा. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर या नावाचं स्टेशनसुद्धा आहे. ज्यांना चालायची हौस आहे ते उलट्या दिशेला, बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातल्या सौताड्याला जातात. तिथे विंचरणा नदी दरीत कोसळते आणि रामेश्वराच्या दर्शनाला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. मांजरसुंब्याजवळचं कपिलधार हे तर मन्मथस्वामींचं समाधिस्थान. तिथे धबधबा आणि दर्शन एकाच फेरीत होतं, म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांचीही हरकत नसते. मराठवाड्यात सहलीला देवाचं निमित्त लागतंच, आणि त्यात वाईट काही नाही.

अडचण वेगळीच आहे. या गाडीतले जे पुरुष 'आपल्याला पोहता येतं' म्हणतात, ते सगळे विहिरीत शिकलेले असतात.

विहिरीतलं पोहणं ही अस्सल विद्या आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा कॅन बांधायचा, काकानं मागून ढकलायचं आणि नाकातोंडात पाणी गेलं की शिक्षण सुरू. दुसऱ्या उन्हाळ्यात कॅन सुटतो. तिसऱ्या उन्हाळ्यात काठावरून मुटका मारायचा, आणि पाणी किती उंच उडालं यावर गावात इज्जत ठरते. या जिल्ह्यात पाण्यापर्यंत पायऱ्यांनी उतरायची परंपरा किती जुनी आहे ते सेलू तालुक्यात वालूरला कळतं. तिथल्या बारवेच्या पायऱ्या चक्राकार फिरत खाली जातात. अशी बांधणी सहसा बघायला मिळत नाही. चारठाण्याला मंदिरांसोबत बारव आहे. सांगायचं एवढंच, की आपल्याला पाणी माहीत आहे ते उभं असलेलं. त्याची खोली ठाऊक असते, तळ ठाऊक असतो, चढायची पायरी ठाऊक असते. ते कुठे निघालेलं नसतं.

(बायकांचं तर याहून अवघड. विहिरीवर पोरांच्या झुंडी जायच्या तेव्हा मुली काठावर कपडे धरून बसलेल्या असायच्या. म्हणजे क्रूझरमधल्या अर्ध्या माणसांना उभ्या पाण्यातलंही पोहता येत नाही.)

धबधब्याखालचा डोह मात्र वेगळ्या जातीचा. त्याची गोष्ट खडकापासून सुरू होते. आपला सगळा दख्खन लाव्ह्याचा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचून झालेला. काही थर घट्ट, काही सच्छिद्र आणि ठिसूळ, आणि दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल भाजक्या मातीचा पट्टा. नदी वरचा घट्ट थर सहज कापू शकत नाही. ती खालचा मऊ थर पोखरते. त्यामुळे वरची शिळा छज्ज्यासारखी पुढे राहते आणि धारेच्या मागे पोकळी तयार होते. फोटोसाठी लोक नेमके त्या पोकळीत घुसतात. शिळेला आधार कधीच सुटलेला असतो. ती कधी पडायची ते तिचं तिलाच ठाऊक.

दुसरं काम गोट्यांचं. भोवऱ्यात अडकलेला दगड एकाच जागी फिरत राहिला की खडकात गोल खळगा पडतो. पारनेर तालुक्यातल्या निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघायला लोक लांबून येतात, आणि कुंडमळ्याचं पात्रही याच जातीचं. उन्हाळ्यात हे खळगे वरून बघायला सुंदर असतात. पावसाळ्यात तेच गढूळ पाण्याखाली असतात. गुडघाभर पाण्यात टाकलेलं पुढचं पाऊल डोक्याच्या वर खोल जाऊ शकतं. गेल्या वर्षी इथेच उडी मारली होती, हा युक्तिवादही टिकत नाही, कारण प्रत्येक पुरात तळाचे धोंडे जागा बदलतात. विहिरीचा तळ असा बदलत नाही.

आणि मग तो पांढरा फेस. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत कमी बोललं जातं ते याच्याबद्दल. माणूस तरंगतो तो जेमतेम. छाती भरून श्वास घेतला तर शरीराची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी भरते, फरक काही टक्क्यांचाच. आता धारेखालच्या पाण्यात दहा टक्के हवा मिसळली असं धरा. ते पाणी दहा टक्के हलकं झालं, म्हणजे तुम्ही त्याच्यापेक्षा जड झालात. विहिरीत दहा मिनिटं पाठीवर पडून राहणारा माणूस या फेसात खाली जातो. हात मारले तरी हाताला पाणी लागत नाही, कारण ढकलायला तिथे अर्धवट हवाच आहे. त्याचं कसब कमी पडलेलं नसतं, पाणीच दुसरं असतं.

वाहत्या पाण्याचा जोरही आपण मनात सरळ हिशेबानं मोजतो आणि फसतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, तिप्पट झाला तर नऊपट. भुशीच्या त्या व्हिडिओत सगळे एकमेकांना धरून उभे आहेत आणि काही क्षणांत पाणी वाढतं. लोक म्हणाले, बाहेर का नाही पडले? पाय हलवला की तोल गेला, ही त्यांची अडचण होती. ती काठावरून मोबाइल धरणाऱ्याला दिसत नाही.

आता परत परभणीकडे येऊ. आपल्याकडे धबधबा नाही हे भूगोलाच्या पुस्तकापुरतं खरं. जिंतूरकडचा करपरा किंवा गंगाखेडचा मासोळी प्रकल्प भरला की सांडव्यावर जत्रा भरते. गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे झाले. ओढ्याओढ्यांवर कोल्हापुरी बंधारे आहेत, सिमेंटचे आहेत. भिंतीवरून एकसारखी पाण्याची चादर पडते आणि खाली पोरं डुंबतात. हाच आपला धबधबा, आणि तो नैसर्गिक धबधब्यापेक्षा जास्त घातक असू शकतो. पडणारं पाणी तळाला आपटून पुढे जातं, पण वरचं पाणी उलटं भिंतीकडे खेचलं जातं. त्यात सापडलेला ओंडका तासन्‌तास एकाच जागी गोल फिरताना कुणीही पाहिला असेल. माणूसही तसाच फिरतो. वर आला की भिंतीकडे, भिंतीशी गेला की खाली. खडकावरच्या धबधब्यात कुठे खाच असते, कुठे धार तुटते, बाजूनं निसटायला जागा मिळते. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सारखा, फट नाही. अमेरिकेतले बचाव पथकवाले अशा बुटक्या बंधाऱ्यांना बुडवणारं यंत्रच म्हणतात. आपल्याकडे बंधारा पर्यटनस्थळ नाही, त्यामुळे मनाई आदेशाच्या यादीत तो सहसा येतही नाही.

निघण्याआधी आपण पावसाचा अंदाज बघतो हे खरं. सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावच्या पंजाबराव डखांचा व्हिडिओ गाडीत बसायच्या आधी चारजणांनी फॉरवर्ड केलेला असतो, आणि कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी, शुक्रवारी येतोच. डखांवर विश्वास ठेवायचा की वेधशाळेवर, हा परभणीत न संपणारा वाद आहे, त्यात मी पडत नाही. मुद्दा असा, की दोघंही पाऊस कुठे पडेल ते सांगतात आणि आपल्याला हवं असतं ते पाणी कुठे येईल. पैनगंगा बुलढाण्याच्या डोंगरात उगम पावते, वाशिम, हिंगोलीकडून येते. वर इसापूरचं धरण आहे. दरवाजे उघडले की सहस्रकुंडला लख्ख ऊन असतानाही पाणी वाढतं. पैठणला जायकवाडीतून सोडलेलं पाणी गंगाखेडला येऊन पोचतं, तसंच हे. म्हणून पाण्यात उतरण्याआधी वर, मागे, नदी जिथून येते तिकडे काय चाललंय ते विचारायचं. आणि विचारायचं ते मोबाइलला नाही, काठावरच्या माणसाला. पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या-पाला वाहून यायला लागला, आवाज जड झाला, की नदीकाठचे भोई जाळं गुंडाळतात. प्रशासनानं फलकावरचा खर्च थोडा कमी करून अशा दोनचार माणसांना हंगामापुरतं मानधनावर बसवावं, हे मी लिहितोय तेवढं सोपं नसेल, पण आदेश काढण्याइतकं सोपं काहीच नसतं.

एक गोष्ट मात्र सरकारवाचून होते. पाच लिटरचा रिकामा कॅन, बूच घट्ट लावलेला, आणि त्याच्या कडीला पंधरा-वीस मीटर नायलॉनची दोरी. क्रूझरच्या सीटखाली ठेवायचा. कुणी घसरलं तर तो फेकायचा. दाजींनी मागोमाग उडी मारायची नाही, कितीही विहिरी गाजवलेल्या असोत. एक बुडतो तेव्हा वाचवायला गेलेला दुसरा आणि दुसऱ्यामागचा तिसरा, हा क्रम आपण पेपरात किती वेळा वाचला आहे! लेकरांना धरून बसायला एक जण ठरलेला असावा आणि त्यानं रील काढायचं नाही.

लोक नेमके चुकीच्या महिन्यात का जातात, याचं उत्तर मात्र शेतात आहे. पेरणी झाली, खुरपणीतून जरा उसंत मिळाली, श्रावण लागला की शेतकरी घरातली माणसं मोकळी होतात, आणि नदी तेव्हाच चढत असते. ऑक्टोबरात पाणी निवळतं, खळगे दिसायला लागतात, पण तेव्हा सोयाबीनची काढणी सुरू आणि कापूस वेचायला आलेला. नोकरदारांना ही सबब नाही, तरी तेही श्रावणातच जातात, कारण रील हिरवं दिसायला हवं. मधला रस्ता दिवाळीचा. भाऊबीजेला बहिणी माहेरी आलेल्या असतात, सोयाबीन घरात पडलेलं असतं, आणि कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारची यात्रा असते. धार तोवर बारीक होते. पायाखालचा दगड मात्र दिसतो.