वरातीतला स्ट्राव्हिन्स्की

लग्नसराईत सावद्याच्या रस्त्यावरून वरात चालली, की बँडच्या गाडीवरल्या भोंग्यांतून मधूनच एक दणका येतो. ‘ढँऽण्!’ शंभर वाद्यं एका क्षणी वाजून दुसऱ्या क्षणी गप्प व्हावीत, असा. घोडी बिचकते, पोरांना चेव येतो. हा आवाज कीबोर्डवाल्याच्या एका बोटाखालून निघालेला असतो. त्याची कुळकथा शोधत गेलो, तर ती थेट १९१० सालच्या पॅरिसपर्यंत जाते. त्या वर्षी इगोर स्ट्राव्हिन्स्की या रशियन संगीतकाराच्या ‘फायरबर्ड’ या बॅलेचा पहिला प्रयोग झाला. त्यातल्या एका नृत्याच्या आरंभी सबंध वाद्यवृंद मिळून असाच एक आघात करतो. पुढे १९७९ साली ऑस्ट्रेलियात ‘फेअरलाइट’ नावाचं संगणकी वाद्य निघालं. बाहेरचा कुठलाही आवाज साठवायचा आणि तो पट्ट्यांवर वाजवायचा, ही त्याची करामत. ते बनवणाऱ्यांनी त्या बॅलेच्या ध्वनिमुद्रणातला हा आघात उचलून यंत्रात भरला. अमेरिकेतल्या नाचाच्या गाण्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. १९९१ मध्ये कीबोर्ड बनवणाऱ्यांनी १२८ आवाजांची सामाईक यादी ठरवली, तेव्हा ‘ऑर्केस्ट्रा हिट’ म्हणून ५६ व्या क्रमांकावर त्याच्या वंशजाला कायमची जागा मिळाली. रावेर-यावलच्या वराती तोच वंशज नाचवतो आहे.

अशा साठवलेल्या आवाजाला ‘सॅम्पल’ म्हणतात, म्हणजे नमुना. आमची हयात बँकेत गेली, त्यामुळे नमुना म्हटलं की मला नमुना सहीचं कार्ड आठवतं. सह्या पडताळणाऱ्याला सुरुवातीलाच एक गोष्ट शिकवली जाते. चेकवरची सही कार्डावरच्या सहीहून फार वेगळी असेल तर थांबायचंच. पण ती तंतोतंत, रेघेला रेघ जुळत असेल तर अधिक सावध व्हायचं. जिवंत माणसाच्या दोन सह्या कधी हुबेहूब येत नाहीत. हुबेहूब आली, तर खाली कागद ठेवून गिरवलेली असण्याचा संभव.

नमुन्यांतून वाद्यवृंद उभा करणाऱ्यांना हेच कोडं सोडवावं लागलं. व्हायोलिनचा एकच नमुना आठ वेळा वाजवला, की तो शिवणयंत्रासारखा खडखडतो. मग त्यांनी एकेक स्वर अनेकदा वाजवून घेतला आणि संगणकाला आळीपाळीने वेगवेगळा नमुना काढायला लावलं. हळू, मध्यम, जोरात असे थर निराळे. गज ओढून, गज उडवून, बोटाने तार छेडून असे प्रकार निराळे. एका स्वरावरून दुसऱ्यावर जातानाचा सांधाही निराळा. हर्ब टुक्मांडल नावाच्या व्हिएन्नातल्या चेलोवादकाने २००० साली याच कामासाठी ‘व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररी’ काढली. वादकांना शांत खोलीत बसवून स्वरामागून स्वर मुद्रित करवून घेतले. लाखो नमुन्यांचं हे कपाट आज घरातल्या लॅपटॉपवरून उघडता येतं.

आपल्याकडे या कपाटाने काय काय घालवलं, ते आधी सांगितलं पाहिजे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हायोलिनचे ताफेच्या ताफे बसत. पाश्चात्त्य स्वरलेखन वाचणारे पुष्कळसे वादक गोव्याचे. पोर्तुगीज अमदानीतल्या चर्चच्या शाळांत त्यांना ही लिपी अक्षरओळखीसारखी मिळालेली असे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलालना व्हायोलिन त्यांनी शिकवलं. १९५८ साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात त्यांनी स्वतःच्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर केल्या. लोकांना मात्र त्यांचं नाव कळलं ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे, तेही बहुतेकांना काल्पनिकच वाटलं. आपले प्रभाकर जोग ‘गीतरामायणा’पासून सुधीर फडक्यांच्या साथीला होते. त्यांच्या व्हायोलिनमधून गाण्याचे शब्द ऐकू येतात, असं लोक म्हणत.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत सिंथेसायझर आला आणि साठ खुर्च्यांचं काम एका खुर्चीत मावू लागलं. निर्मात्यांनी हिशेब केला. तो हिशेब चुकीचा होता असं मी, बँकवाला, म्हणू शकत नाही. आमच्याही शाखेत लेजरचे ठोकळे गेले आणि पडदे आले. रकान्याच्या बेरजा नुसती नजर फिरवून करणारे आमचे एक हेडकॅशियर होते. त्यांच्या विद्येला मग गिऱ्हाईक उरलं नाही. पण बेरीज कोणीही केली तरी तीच येते. व्हायोलिनचं तसं नसतं.

तरीही या तंत्राकडे नुसतं संशयाने पाहणं मला पटत नाही, याचं कारण त्याचा दुसरा उपयोग. त्याला ‘मॉकअप’ म्हणतात. घर बांधण्याआधी पुठ्ठ्याचं घर करतात, तसा हा वाद्यवृंदाचा कच्चा आराखडा. २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी साठाहून अधिक वादकांचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत मुद्रित केला. अशा ठिकाणी पैसे तासावर मोजतात. समोरचे वादक कागद पाहून वाजवतात. तिथे जाऊन ‘इथे बासरी बरी वाटेल का?’ असा विचार करत बसता येत नाही. तो घरीच, नमुन्यांच्या आधारे, शंभरदा करून ठेवायचा असतो.

तो करण्याची रीत मोठी गमतीची आहे. स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाच रेघांवर स्वर मांडायचे. मग त्यात माणूसपण घालायचं. सगळे स्वर तालाच्या रेघेवर बरोबर पडले, तर ऐकताना कवायत वाटते. म्हणून काही किंचित मागेपुढे सरकवायचे. डाव्या हाताखालचं चाक फिरवत आवाज फुगवायचा, ओसरू द्यायचा. फुंकून वाजवायच्या वाद्याला श्वासापुरती जागा सोडायची. संगणकाला दम लागत नाही, माणसाला लागतो. आणि एक दुबार नोंदीची चूक हमखास होते. एका नमुन्यातच सोळा व्हायोलिनं असतात. तीन पट्ट्या एकदम दाबल्या की अठ्ठेचाळीस झाली! प्रत्यक्षात सोळाच बसणार असतील, तर ती तीन सुरांत वाटली जातील आणि कानावर येईल ते फार पातळ असेल. बासरीचंही तसंच. तिचे खालचे सूर मूळचेच दुबळे; संगणकावर आवाजाची खुंटी वर सरकवली की ती दहा ट्रम्पेटांवर मात करते. सभागृहात तिचा पत्ता लागत नाही.

ज्याने खरा वाद्यवृंद कधी ऐकलेलाच नाही, त्याला हे कसं कळावं? देशातला एकमेव व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद, २००६ साली स्थापन झालेला, मुंबईत एनसीपीएला आहे. भुसावळहून ती वाट रेल्वेने साधारण ४४० किलोमीटरची. आमच्या शेजारच्या केळीउत्पादकाचा मुलगा सावद्यात बसून असे आराखडे रचतो. ‘म्यूझस्कोर’ हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. २०२२ पासून त्याच्याबरोबर वाद्यवृंदाचे चांगले नमुनेही फुकट मिळतात. भारी नमुन्यांना मात्र पैसे पडतात. “एका हंगामाचं खत होईल एवढ्यात,” असं त्याचे वडील म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं अगदी गैर नाही. एकदा तो मला म्हणाला, “नाना, हे आयका अन् सांगा मले, यातलं कोनतं खरं?” दोन तुकडे होते. दुसरा खरा, असं मी सांगितलं. तो खराच होता. कसं ओळखलं, तर त्यात एक व्हायोलिन बाकीच्यांच्या केसभर आधी निघालं होतं.

त्याला खरी अडचण आली ती निराळ्याच जागी. त्याचे आजोबा चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. कीबोर्ड आला आणि त्यांची सुपारी बंद झाली. गावात त्यांना अजून मास्तर म्हणतात. पोराला आजोबांची एक चाल वाद्यवृंदासाठी लिहायची होती. व्हिएन्नाकडल्या क्लॅरिनेटचे नमुने घेतले, तर चाल तीच; पण परक्या मुलखात बदली झालेल्या माणसासारखी ताठ. आपली मींड सुरांच्या मधल्या जागेत राहते, आणि हे नमुने घेतले आहेत सुटे, पायऱ्यांसारखे. चाकाने सूर सरकवता येतो. पण मास्तरांसारखा सरकवणं जमत नाही. मास्तर आधी रेंगाळतात आणि शेवटी एकदम पोचतात.

तेव्हा पोराने ठरवलं, आजोबांचेच नमुने घ्यायचे. त्यांचं जुनं धाब्याचं घर, मातीच्या दीड हात जाड भिंती. आत गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, मध्ये माइक. कामाला बसायचं रात्री, ट्रकांची ये-जा थांबली की. पहिल्याच रात्री भांडण. पोरगा म्हणे, हाच सूर पाच वेळा, सरळ, हलवू नका. मास्तर म्हणाले, “हलवायचा नाही, तर वाजवायचा कशासाठी?” मी मध्यस्थीला होतो. त्यांना सहीच्या कार्डाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “म्हणजे माझ्या सह्या घेतोय म्हणा की.” त्या रात्री त्यांनी चौदा सूर दिले. सरळ दिलेच, पण प्रत्येकाच्या शेवटी स्वतःच्या मर्जीने एक मींडही दिली. पोराने ती कापली नाही. वेगळ्या नावाने ठेवली.

खालचं आणि मधलं सप्तक भरून झालं आहे. वरचं राहिलं. क्लॅरिनेट वरच्या दातांच्या टेकूवर पेलावी लागते, आणि कवळी आल्यापासून वरचे सूर निसटतात. श्वासही पूर्वीइतका पुरत नाही. मध्यंतरी मास्तरांनी भुसावळला नवी कवळी करायला टाकली आहे. मापं दोनदा झाली, पुढल्या आठवड्यात मिळेल म्हणतात. पोराने तोवर गोधड्या काढलेल्या नाहीत.