तरुणांतील जीर्ण कास-श्वास : बागलाण परिसरातील हेतुविचार

जीर्ण कास हा वृद्धांचा वा धूम्रपान करणाऱ्यांचा विकार, ही समजूत आपल्या व्यवसायात अजून दृढ आहे. सटाणा परिसरात मात्र विडीला कधी न शिवलेले विशी-तिशीतील रुग्णही प्रातःकाळी कफष्ठीवन व रात्री छातीत घुरघुर घेऊन येतात. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील धूम्रपान करणारे प्रौढ जेमतेम 4 टक्के आढळले. "विडी ओढता का?" एवढ्यावर हेतुपरीक्षण संपविणे म्हणूनच आम्हांस अपुरे वाटते.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या 17 व्या अध्यायात श्वासहेतूंमध्ये रज व धूम यांची गणना केली आहे. बागलाणातील रज म्हणजे कांद्याची चाळ. साठविलेला उन्हाळ कांदा निवडताना सुकी टरफले, माती आणि काळ्या बुरशीची भुकटी दिवसभर श्वासावाटे आत जाते. या कामावर बहुधा स्त्रियाच असतात. डाळिंब-द्राक्षांवरील फवारणी हा ग्रंथोक्त नसलेला, परंतु तितकाच बलवान हेतू. तोंडाला बांधलेला रुमाल औषधाची वाफ अडवीत नाही, हे रुग्णास स्पष्ट सांगावे.

धूमाविषयी थोडे अधिक. उज्ज्वला योजना 2016 साली आली. तथापि घरात सिलिंडर असूनही अंघोळीचे पाणी चुलीवरच तापते. "गॅस आहे ना?" असे न विचारता "पाणी कशावर तापवता?" असे विचारावे. बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइल तर कोणी सांगतच नाही. एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे 2003 मधील एका अभ्यासात आढळले होते.

कामाच्या सुट्टीत लक्षणे उणावतात काय, हा प्रश्न आम्ही सर्वांत मोलाचा मानतो. उणावत असल्यास निदानपरिवर्जनावाचून सितोपलादी वा वासावलेह यांचा उपशय टिकणार नाही. श्वास कफवातात्मक असला तरी पित्तस्थानसमुद्भव आहे. अग्नीकडे दुर्लक्ष नको.

खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास प्रथम थुंकीची तपासणी करून क्षय वगळावा. क्षयरुग्णाची नोंद कळविणे 2012 पासून बंधनकारक असून 2018 च्या अधिसूचनेने औषधविक्रेत्यांवरही ती जबाबदारी आली आहे. तोच तरुण तिसऱ्यांदा खोकल्याची बाटली मागू लागला, तर विक्रेत्याने बाटली देण्याआधी त्यास वैद्याकडे धाडावे. निनावी पुड्यांनी "दम लगेच बसतो" असे कोणी सांगितल्यास त्यांत स्टिरॉइडची भेसळ असण्याचा संशय धरावा. मात्र दीर्घकाळ घेतलेली अशी पुडी एकाएकी बंद करविणे धोक्याचे असते.