मूल विहिरीत पडताना आपण का दचकतो?

परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूरला चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव आहे. अशा बारवेच्या काठावर एखाद्या अनोळखी मुलाचा तोल जाताना दिसला, तर आपल्या काळजात धस्स होते. का?

सुमारे २३०० वर्षांपूर्वी चिनी विचारवंत मेन्सियसने विहिरीचेच उदाहरण घेतले होते. मुलाच्या आईवडिलांशी ओळख व्हावी किंवा गावाने वाहवा करावी म्हणून आपण दचकत नाही. करुणा उपजतच असते, असे तो म्हणतो. पण तो नुसता कोंब आहे. जोपासला नाही तर करपतो. नंतरच्या शुन्त्झने उलट मत मांडले: माणूस स्वभावतः वाईट, त्याला शिक्षणाने आणि रीतिरिवाजांनी घडवावे लागते.

अठराव्या शतकात युरोपातही असाच प्रश्न होता. डेव्हिड ह्यूमने नीतीचे मूळ भावनेत शोधले, तर इमॅन्युएल कांटने १७८५च्या ग्रंथात विवेकात. निव्वळ दया आली म्हणून केलेली मदत कौतुकास्पद असली, तरी कांटच्या मते तिला खरे नैतिक मोल नाही.

मेन्सियस ह्यूमच्या जवळचा वाटतो. मात्र त्याचा भर मशागतीवर आहे. रस्त्यावर अपघात झाला की दचकतात सगळेच, थांबतात थोडेच. फरक तिथे पडतो.