घरपट्टीच्या पावतीतले वाचनालय

एप्रिल महिना आला की घरपट्टी भरायची घाई सुरू होते. महिना संपायच्या आत भरली तर ५ टक्के सूट मिळते, म्हणून ऊन असो की रांग, माणसे जाऊन भरून येतात. पावती हाती आली की आपण दोनच गोष्टी पाहतो : नाव बरोबर आहे ना आणि एकूण रक्कम किती. मग ती कपाटातल्या फाईलमध्ये जाते आणि पुढच्या एप्रिललाच बाहेर येते.

यंदा आमच्या घरी ही पावती शाळकरी नातवाच्या हाती पडली. आम्हां म्हाताऱ्यांपेक्षा त्याचे कन्नड चांगले. त्याने एकेक ओळ मोठ्याने वाचली. आरोग्य कर, ग्रंथालय कर, भिक्षुक कर... तो थांबला आणि म्हणाला, "आजी, ग्रंथालयाचे पैसे आपण दरवर्षी भरतो, मग आपण तिथे जात का नाही?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. वाचकहो, तुमच्यापैकी किती जणांना देता येईल?

कर्नाटकात मालमत्ता करावर जे उपकर लागतात, त्यांत आरोग्याचा १५ टक्के, ग्रंथालयाचा ६ टक्के आणि भिक्षुक कल्याणाचा ३ टक्के असतो. म्हणजे घरपट्टी ३,००० रुपये असेल तर १८० रुपये ग्रंथालयाचे. दरवर्षी एका चांगल्या पुस्तकाची किंमत आपण न कळत देऊन येतो. देतो आणि विसरतो. आणि ज्याचा हिशेब देणारा विसरला, त्याचा हिशेब घेणारा तरी कशाला ठेवील?

दात्यांची पिढी

वाचनालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सरकारी इमारत येत नाही. बेळगावकरांच्या डोळ्यांपुढे येते ते १८४८ साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय. रत्नागिरीला १८२८, ठाण्याला १८९३, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८. मराठी माणूस जिथे गेला तिथे त्याने गणपती बसवला, नाटक केले आणि वाचनालय काढले. वर्गणी गोळा केली, कुणी जागा दिली, कुणी कपाटे दिली. ही पुण्याई मोठी आहे आणि तिच्यावरच आपण अजून वाचतो आहोत.

पण दानाची एक अडचण असते. दाता इमारतीला देतो, कारण तिथे नावाची फरशी बसते. झाडणाऱ्या बाईच्या पगाराला, विजेच्या बिलाला, फाटलेल्या पुस्तकाच्या बांधणीला देणगी देणारा विरळा. आमदार-खासदार निधीचेही तेच. त्यातून खोली उभी राहते, ती रोज उघडणाऱ्या माणसाचा पगार निघत नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी या पोलादसम्राटाला हे ठाऊक होते. त्याने जगभर अडीच हजारांवर वाचनालयांना पैसे दिले. पण सर्वसाधारण अट अशी, की देणगीच्या १० टक्के रक्कम गावाने दरवर्षी आपल्या करातून चालू खर्चाला द्यावी. गाव कबूल नसेल तर इमारतही नाही.

बडोद्याचा तिसरा हिस्सा

आपल्याकडे हे ज्याला उमगले तो राजा मराठीच होता. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मग प्रश्न आला, शाळा सोडल्यावर ही मुले वाचणार काय? १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावले आणि संस्थानभर सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. गुजरातेत मोतीभाई अमीन यांनी आधीच गावोगाव मित्रमंडळांची वाचनालये काढली होती, तीही या कामाला जोडली गेली.

महाराजांना सगळा खर्च खजिन्यातून करता आला असता. पण गावांच्या वाचनालयांसाठी त्यांनी वेगळी रीत घातली. एक हिस्सा गावकऱ्यांनी जमवायचा, तेवढाच पंचायतीने द्यायचा आणि तेवढाच संस्थानाने. गावाने हात हलवला नाही तर दरबारही हलणार नाही. ज्या वाचनालयात आपले चार आणे गेले आहेत, त्याला कुलूप लागले तर गावकरी विचारायला येतो. मोफत मिळालेल्या वस्तूबद्दल कुणी विचारत नाही. ही रीत पैशाची होती तशीच माणसाच्या मनाचीही होती.

कायदा झाला, पुढे काय?

राजा गेला की त्याची मर्जी जाते, म्हणून कायदा लागतो. भारतातला पहिला ग्रंथालय कायदा आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली केला, याचा अभिमान वाटतो. त्यानंतर १९४८ साली मद्रासने, डॉ. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून, ग्रंथालय कराची तरतूद असलेला कायदा केला. म्हैसूर राज्याचा, म्हणजे आजच्या कर्नाटकाचा, कायदा १९६५ चा. त्यातही कर आहे. गोव्याने १९९३ च्या कायद्यात मद्यावर अधिभार ठेवला. पिणाऱ्याच्या खिशातून वाचणाऱ्याची सोय!

महाराष्ट्राने १९६७ साली कायदा केला, पण त्यात ग्रंथालय कर नाही. तिथली हजारो वाचनालये अ, ब, क, ड अशा वर्गांत अनुदानावर चालतात. अनुदान म्हणजे दर अर्थसंकल्पात नव्याने मागायची गोष्ट. हप्ता लांबला की ग्रंथपालाच्या घरची चूल अडते आणि नव्या पुस्तकांची खरेदी थांबते. चंदगड-गडहिंग्लजच्या पाहुण्यांना विचारून पाहा.

मग करवाले राज्य सुखी का? तसेही नाही. कर गोळा करते नगरपालिका किंवा महापालिका, आणि तो पोचवायचा असतो ग्रंथालय खात्याकडे. या दोन टेबलांच्या मधे पैसा अडकतो. खुद्द राजधानीत, तेव्हाच्या बृहत् बेंगळुरू महापालिकेकडे, ग्रंथालय कराची शेकडो कोटींची थकबाकी असल्याच्या बातम्या वारंवार येत राहिल्या. लोकांनी भरलेला, कायद्याने ठरवलेला पैसा, तरी अडला. कारण तो मागायला कुणी उभे नव्हते. पाणी आले नाही तर घागरी घेऊन मोर्चा निघतो. वाचनालयासाठी निघालेला मोर्चा तुम्ही कधी पाहिला आहे?

केरळने माणसे जोडली

पाहायचाच असेल तर केरळकडे पाहावे. पी. एन. पणिक्कर नावाच्या एका शिक्षकाने १९४५ साली अंबलप्पुळा इथे ४७ वाचनालयांना एकत्र आणून ग्रंथालय संघ उभा केला. पुढे हा गृहस्थ गावोगाव फिरला. १९७० साली राज्याच्या दक्षिण टोकाच्या पारश्शालापासून उत्तरेच्या कासरगोडपर्यंत पदयात्रा काढली. "वाचा आणि वाढा" हा त्यांचा निरोप. १९८९ च्या कायद्याने तिथे निवडून आलेल्या ग्रंथालय परिषदा आल्या, तालुक्याच्या, जिल्ह्याच्या आणि राज्याच्या. मालमत्ता करावर ५ टक्के ग्रंथालय कर आहेच. पण त्याच्या मागे मतदार सभासद उभा आहे. पणिक्करांचा स्मृतिदिन, १९ जून, तिथे वाचनदिन म्हणून पाळला जातो. तिथल्या कोणत्याही पक्षाला वाचनालयाकडे पाठ फिरवणे सोपे नाही, कारण त्याचेच कार्यकर्ते त्या वाचनालयात लहानाचे मोठे झालेले असतात.

सगळ्यांचा सार एकच. दात्याचे दान, राजाची मर्जी, कायद्याचे कलम, प्रत्येकाचा उपयोग आहे. पण वाचनालय टिकते ते त्यात ज्यांचा वाटा आहे आणि ज्यांना त्याची जाणीव आहे अशा माणसांमुळे.

सीमाभागातली गाठ

आपल्याकडे या प्रश्नाला भाषेची गाठ आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. सरकारी ग्रंथालय "त्यांचे" आणि वर्गणीचे वाचनालय "आपले", अशी आपण मनात वाटणी करून टाकली आहे. परिणाम असा, की कर आपण भरतो आणि हक्क सोडून देतो. ग्रंथालय कर घेताना महापालिका कुणाला मातृभाषा विचारत नाही. मग पुस्तक मागताना आपण तरी का संकोचावे?

मात्र ही मागणी भांडणाच्या सुरात केली तर ती भांडणातच विरेल. एका भाषेच्या कपाटासाठी एका गटाचे नगरसेवक हात वर करतील आणि दुसऱ्या गटाचे खाली ठेवतील. तेच जर मराठी, कन्नड आणि उर्दू वाचणारी मुले एकाच टेबलाशी स्पर्धा परीक्षेची तयारी करीत असतील, तर त्या टेबलावरचा दिवा बंद करायला कोणता नगरसेवक धजेल?

खेड्यांतही संधी आहे. कर्नाटकातली ग्रामपंचायतींची ग्रंथालये २०१९ साली ग्रामविकास व पंचायत राज खात्याकडे आली आणि त्यानंतरच्या मोहिमेत लाखो मुलांना मोफत सभासद करून घेतले गेले. तुमच्या गावातल्या मुलांचे नाव त्यात आहे का, हे एकदा पाहून या.

आपल्या हातात काय?

पहिले, सभासद व्हा; घरातल्या एकाने तरी. ग्रंथालयाचे बळ वाचकसंख्येने मोजले जाते. रिकाम्या खुर्च्या दाखवून पैसा कापणे सोपे असते.

दुसरे, हवी ती मराठी पुस्तके लेखी मागा. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते, अर्जावर निदान शिक्का तरी बसतो.

तिसरे, २००५ चा माहिती अधिकार कायदा वापरा. दहा रुपये शुल्कात विचारता येते, आपल्या महापालिकेने वर्षभरात ग्रंथालय कर किती गोळा केला आणि त्यातला किती खात्याकडे जमा केला? कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत असावा लागतो. या प्रश्नाला तेवढे शब्द लागतही नाहीत. उत्तराची मुदत ३० दिवस.

चौथे, निवडणुकीत मते मागायला येणाऱ्याला गटारीइतक्याच सहजपणे वाचनालयाचेही विचारा. आणि निवडून आल्यावर त्याला नुसते हार घालायला बोलावू नका. एखाद्या संध्याकाळी अभ्यासिकेत आणून बसवा.

पाचवे, आपली जुनी वर्गणीची वाचनालये सोडू नका. तिथली वर्गणी आणि सरकारी ग्रंथालयाचा कर, दोन्ही आपलेच. आईला जेवू घातले म्हणून कुणी मावशीला उपाशी ठेवत नाही.

नातवाच्या प्रश्नाचे उत्तर मी शब्दांत दिलेच नाही. पुढच्या रविवारी सकाळी त्याला घेऊन सरकारी ग्रंथालयात गेले. तिथल्या बाईंनी अर्ज दिला आणि सोबत पत्त्याचा पुरावा मागितला. नातवाने पिशवीतून घरपट्टीची पावती काढून टेबलावर ठेवली आणि बोट लावून त्यांना ती ओळ दाखवली. बाई हसल्या. म्हणाल्या, "ही दाखवणारे तुम्ही पहिलेच."

पहिलेच राहू नये, एवढेच वाटते.