स्टेअरिंग ढिलं का होतं?

आमचा मूल-सिंदेवाही पट्टा धानाचा. बांधीत चिखलणी करताना लहान ट्रॅक्टरची पुढची चाकं रुततात. टायरॉडच्या बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटलेली असली, की गढूळ पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि गोटी झिजते.

जुनी गाडी आली, की मी स्टेअरिंग बॉक्स लगेच खोलत नाही. मालकाला स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवायला लावतो आणि एकेका जोडावर हात ठेवून खेळ शोधतो. बहुतेकदा बॉल जॉइंट, नाहीतर किंगपिनचा बुश सापडतो.

तुटलेल्या जॉइंटला वेल्डिंग मारू नका. भर रस्त्यात दगा देईल. नवा बसवताना जुन्याचे आटे मोजा, नंतर दोन्ही चाकांची दिशा तपासा. स्प्लिट पिन नवीच घाला. रोवणी आटोपली, की जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीसगन मारा.