बुडबुडे आणि गळ

तर्कशास्त्र शिकवताना मी जन्मभर धूर आणि अग्नीचंच उदाहरण दिलं. आज आपल्या रेणा प्रकल्पाचं देतो. भंडारवाडीला पहाटे काठावर बसलं की पाण्यावर बुडबुडे दिसतात. खाली मासा आहे, असं अनुमान आपण काढतो आणि तिथंच फसतो. कुजलेल्या गाळातूनही वायू निघतोच की! ते बुडबुडे एकाच जागी येत राहतात. ओळ धरून पुढं सरकत असतील, तर तळ उकरणारा मृगळ समजा. गळ तळाला सोडा. आमिष कणीक नाहीतर गांडूळ. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या. त्यांच्यासाठी दोरीला धांड्याचा तुकडा बांधून खोली ठरवायची. उन्हाळ्यात पाणी उतरलं की नदीचं जुनं, खोल पात्र शोधा. मच्छीमार सोसायटीचा ठेका असेल तर आधी विचारायचं, हे वेगळं सांगत नाही.

मरळ मात्र फुगवट्याच्या उथळ, गवताळ पाण्यात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तसल्या दुष्काळात ओल्या चिखलातही काही काळ तग धरते ती हीच, कारण ती हवेतला श्वास घेते. पावसाळ्यात लालसर पिल्लांचा पुंजका वर दिसला, की खाली राखण करणारे आईबाप असतात. हे अनुमान सहसा चुकत नाही. म्हणूनच तिथं गळ टाकू नका. राखण गेली की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.

मी टाकला होता, एका श्रावणात. दोन्ही मरळी निघाल्या. दुसऱ्या दिवशी गेलो, तर पुंजका नव्हता.