विद्यापीठाचा संघ आणि बारावीची परीक्षा

आपल्या ट्रस्टच्या कुटुंबांतील मुलांस फुटबॉलचा नाद आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु विद्यापीठाच्या संघात नुसता खेळ पुरत नाही. अमेरिकेत शाळेत गुण कमी पडलेला खेळाडू 2 वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजातून मोठ्या कॉलेजच्या संघात जाऊ शकतो. शेजारच्या गोंदियातील ज्युनिअर कॉलेज म्हणजे मात्र अकरावी-बारावीच. तेथील विद्यार्थी शालेय स्पर्धाच खेळतो. आंतरविद्यापीठ स्पर्धेस बारावी उत्तीर्ण, महाविद्यालयात नियमित प्रवेश व वय 25 वर्षांहून कमी असावे लागते. बारावीनंतर ठरावीक वर्षे लोटली की पात्रता संपते. नापास झालेल्याने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावी पूर्ण करावी, मग कॉलेजात जावे. पालकहो, मुलाचा चेंडू हिरावून घेऊ नका; पुस्तकही सुटू देऊ नका.